मुल्ला बाईंची विमानं

मुल्ला बाईंच्या वर्गाच्या दाराला कायम एक दगड लावलेला असायचा. काळा, घडीव, जुन्या गावातल्या कुठल्यातरी भिंतीतून निघालेला. वारा सुटो, पाऊस येवो, रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर गाणी लावून जावोत, दार उघडंच. बाई शाळेत नव्या होत्या तेव्हा आवाजाचा त्रास होतो म्हणून मी एकदा तो दगड पायानं सरकवला आणि दार लोटून घेतलं. बाई फळ्यावर लिहीत होत्या. त्यांनी खडू ठेवला, येऊन दार उघडलं, दगड जागेवर ठेवला आणि चष्मा काढून पदराला पुसत म्हणाल्या, "सर, ह्या दगडाला पुन्हा पाय लावू नका."

बाईंनी चष्मा पुसायला काढला की समजायचं, बाई चिडल्या. आवाज चढवणं त्यांना ठाऊक नव्हतं. उलट राग जेवढा मोठा तेवढा आवाज खाली जायचा, आणि फारच झालं तर मराठी सोडून त्या घरच्या दखनीवर यायच्या. "क्या समझे तुम लोगां?" असं त्या अगदी हळू म्हणाल्या, की चौथीच्या वर्गापासून मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत सगळे गप्प व्हायचे.

निरोपसमारंभात बोलतात तसं 'मनमिळाऊ, हसतमुख' वगैरे कुणाला लिहायचं असेल तर खुशाल लिहावं. बाईंचा निरोपसमारंभ झालाच नाही, त्यामुळे ती भाषणंही झाली नाहीत, हे एक बरं झालं. बाई मनमिळाऊ नव्हत्या. मला त्यांची आठवण येते ती रागासकट येते, आणि त्यातला निम्मा राग आता माझा स्वतःचा आहे. तो लपवून लिहायला मला जमणार नाही.

आमचं गाव माकणीच्या अलीकडं, लोहारा तालुक्यात. म्हणजे नवं गाव. जुनं गाव भूकंपात पडलं. नव्या गावात सगळी घरं एका मापाची, एका रांगेत, आगपेट्या मांडून ठेवल्यासारखी. जुन्या गावाच्या जागी दगडांचे ढीग आणि त्यांतून उगवलेली बाभळ. आताच्या पोरांना ती जागा सीताफळं काढायला जायची म्हणून माहीत. साप असतात म्हणून घरचे ओरडतात, तेवढाच तिचा इतिहास. वडीलधारी माणसं त्याविषयी बोलत नाहीत. कुणी विचारलंच तर "झालं ते झालं" म्हणून तंबाखू मळायला घेतात.

बाई शेजारच्याच गावातल्या, भूकंपाच्या वेळी शाळकरी पोर. एकदाच, चहा घेताना, त्यांनी मला सांगितलं होतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून बाई बिनसाखरेचा चहा घ्यायच्या, त्यावरून मी काहीतरी थट्टा केली होती. त्या हसल्या, आणि मग मधेच, काही संबंध नसताना म्हणाल्या, "दार अडकलं होतं आमचं. अब्बा खांद्यानं ढकलत होते. थोरली आपा आत होती." एवढंच. चहा संपवून वर्गावर गेल्या. तेव्हापासून मी त्या दगडाला वळसा घालून जाऊ लागलो.

तेव्हापासून दुसरंही एक लक्षात येऊ लागलं. बाई स्लॅबखाली निवांत बसत नसत. वर्गात उभ्याच, तेही दारापाशी. केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीला सगळे खुर्च्यांवर, बाई बाहेर पायरीवर. साहेब लोकांना तो माज वाटायचा. घरी पक्की खोली असून अंगणातल्या पत्र्याखाली झोपायच्या. थंडीत, पावसात, तिथंच. स्लॅबखाली पाठ टेकायची म्हटली की डोळा लागत नाही, असं त्यांची सून आमच्या घरात सांगून गेली होती.

आमचे मुख्याध्यापक बिराजदार सर. उमरग्याकडचे, घरी कानडी, शाळेत मराठी, आणि भीती दोन्ही भाषांत सारखीच. शाळेच्या पुस्तकांचं लोखंडी कपाट हा त्यांचा जीव. किल्ली कमरेच्या करदोट्याला. कपाटात डांबरगोळ्या. पुस्तकं आली की त्यांच्यावर शिक्का मारायचा, प्लॅस्टिकचं वेष्टण न काढता आत ठेवायची आणि साहेब आले की कपाट उघडून दाखवायचं. साहेब म्हणायचे, "वा, नव्यासारखी ठेवलीत." ती नवीच होती. कुणी हात लावला असता तर जुनी झाली असती ना.

बाई बदलून आल्या त्याच आठवड्यात त्यांनी किल्ली मागितली.

"पुस्तकं खराब होतेत हो बाई," बिराजदार सर म्हणाले. "पोरांचे हात कसले असतेत, बघता न्हवं तुम्ही."

"आन् पोरं खराब झाली तर चालतंय का सर?"

बाईंनी हात पुढं केलेला होता आणि तो त्या मागं घेईनात. शेवटी सर भिंतीकडं तोंड करून शर्ट वर करून किल्ली सोडू लागले. मी बाहेर जाऊन हसून घेतलं.

त्या कपाटातून ते पुस्तक निघालं. मोठं, रंगीत, पातळ, मधोमध टाचलेलं. युद्धातल्या वैमानिकांचं. कातडी टोपी आणि मोठा चष्मा घातलेले वैमानिक, दुमजली पंखांची जुनी विमानं, कारखान्यातून तळापर्यंत विमान उडवत नेणारी एक मुलगी, पेटलेलं विमान ज्वारीच्या रानासारख्या कुठल्यातरी रानात उतरवणारा एक तरुण. चित्रं अशी, की आमच्यासारख्या बाप्यांनीसुद्धा पान उलटायला वेळ लावावा. बाईंना ते पुस्तक फार आवडलं. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे झालं त्यात बाईंना विमानांचा द्वेष होता असं सांगणारे भेटले. माझा दुसरीचा वर्ग भिंतीपलीकडं होता. त्या पेटलेल्या विमानाची गोष्ट बाई वाचत होत्या तेव्हा माझी दुसरीची पोरं गणितं सोडून भिंतीला कान लावून बसली होती. विमान उतरलं तेव्हा त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

पण पुस्तक एक आणि पोरं वर्गभर. पुढच्या दोन ओळींना चित्र दिसायचं, मागच्यांना बाईंचं कोपर. दोन दिवस बाईंनी ते सोसलं. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत अंगणात मांडी घालून बसल्या, चिमट्यानं पुस्तकाच्या टाचण्या काढल्या आणि पानं सुटी केली. मग वर्गात खिडकीच्या गजापासून फळ्याच्या खिळ्यापर्यंत सुतळी बांधली आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी एकेक पान तिच्यावर लावलं. पोरं दोरीखालनं फिरत, मान वर करून वाचत. कुणी रांगत, कुणी एकमेकांच्या खांद्यावर.

बिराजदार सरांनी ते बघितलं आणि दाराच्या चौकटीला टेकले. "यप्पा," एवढंच म्हणाले. कपाटातलं पुस्तक मेलं आणि त्याचं कातडं वाळत घातलंय, असा काहीसा चेहरा झाला होता.

"भरून देईन मी," बाई म्हणाल्या.

"तसं न्हाय हो," सर म्हणाले, आणि जाताना एक पान नीट नव्हतं ते चिमटा काढून सरळ करून गेले.

मधल्या पानावर एक मोठं चित्र होतं, दोन पानं मिळून. विमानाच्या कडेवरून एक वैमानिक वाकून खाली बघतोय. थेट आपल्याकडं बघतोय असं वाटायचं. त्याच्या खाली, खूप खाली, पहाटेचं शहर. लहान लहान घरं, रांगेत. विमानाच्या पोटातून सुटलेले काळे ठिपके. चित्राखाली लिहिलं होतं, कामगिरी फत्ते झाली.

समृद्धी नावाची चौथीतली मुलगी त्या चित्राखाली बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, "बाई, हे आपलं गाव हाय."

पोरं हसली. पण तिचं चूक नव्हतं. तिचा चुलता वैभव लग्नाचं शूटिंग करायचा, त्याच्याकडं ड्रोन होता, आणि गणपतीत त्यानं गावाचं वरून काढलेलं शूटिंग सगळ्यांच्या मोबाइलवर फिरलं होतं. वरून बघितलं तर आमचं नवं गाव अगदी तसंच. रांगा, चौकोन, मधून रस्ता. पोरांनी माना वळवून पुन्हा चित्र बघितलं आणि हसणं थांबलं. एकानं विचारलं, "मग बाई, खाली कोन हाय?"

हा प्रश्न बाईंनी विचारला नव्हता, पोरानं विचारला होता. मी भिंतीपलीकडून माझ्या कानांनी ऐकलाय. बाईंनी फक्त तो सोडून दिला नाही. दुसरी कुणी असती तर 'पुढं वाचा' म्हणाली असती, मीसुद्धा. बाई म्हणाल्या, "वरून बघून झालं. आता खालून बघायचं."

ते मग बाईंचं पालुपदच झालं. कुठलंही चित्र असो, पाठ्यपुस्तकातला किल्ला असो नाहीतर धरणाचा फोटो, "वरून झालं, आता खालून." धरणाच्या फोटोखाली पोरांनी बुडालेली रानं काढली. शाळेच्या भिंतीवर पोषण आहाराचं वेळापत्रक होतं, त्याच्याखाली एका पोरीनं खिचडी करणाऱ्या मावशींचे भाजलेले हात काढले. बाईंनी तेही दोरीवर लावलं.

आमचे तालुक्याचे शिक्षण खात्यातले साहेब भेटीला आले तेव्हा दोरी बघून हरखले. "नावीन्यपूर्ण उपक्रम," असं ते दोनदा म्हणाले. दोरीपुढं उभे राहून फोटो काढून घेतला, शेजारी बाईंना उभं केलं, आणि गाडीत बसायच्या आधीच तो फोटो त्यांच्या प्रोफाइलवर लागला. ह्या फोटोचं पुढं काय झालं ते सांगतो.

पोरांना बाईंनी घरचा अभ्यास दिला. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचं, घर पडतं म्हणजे काय होतं. ते सांगतील ते काढून आणायचं. युद्ध आमच्या गावानं बघितलेलं नाही, पण पडलेलं घर बघितलेलं आहे. खाली असणं म्हणजे काय, हे शिकवायला आमच्या गावाला बाहेरून काही आणावं लागत नाही. चित्रं आली. कुठं कौलं, कुठं चूल, कुठं मान मोडलेली गाय. विमानाच्या पानांखाली लावायची म्हणून प्रत्येक पोरानं आपापल्या चित्रात वर एक विमानही काढलं. पोरंच ती.

ते दिवस कसले होते, आठवत असेल. टीव्हीवर रोज सायरन आणि नकाशे. गावातली पोरं चावडीवर बसून मोबाइलवर युद्ध बघत होती आणि सगळ्यांना विमानांची नावं पाठ झाली होती. अशा दिवसांत वैभव समृद्धीचा विसरलेला डबा द्यायला शाळेत आला. हा वैभव सैन्यभरतीसाठी दोन-तीन वर्षं पहाटे रस्त्यावर पळाला, छातीच्या मापात बसला नाही. त्याचं त्याला दुःख होतं, ते खरं होतं, आणि ते मी नाकारत नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा तो सदस्य, गावाच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन. दारातून त्यानं मोबाइल काढला. दोरीवर विमानं, खाली पडलेली घरं, आणि बाई विचारतायत, "हे विमान वर हाय. खाली कोण राहतंय?" पोरं एका सुरात म्हणतायत, "लेकरं." क्लिप तिथंच कापली.

खाली त्यानं एकच ओळ लिहिली. बघा, मुल्ला बाई आपल्या मुलांना काय शिकवतात. उरलेलं काम आडनावानं केलं.

आपण शिकलेली माणसं अशा वेळी 'गैरसमज झाला' म्हणतो. गैरसमज कसला? हाच प्रश्न मी विचारला असता, तर लोक म्हणाले असते, माने सर लई हळवे हायत. बिराजदार सरांनी विचारला असता, तर म्हणाले असते, सरांचं वय झालंय. संध्याकाळपर्यंत क्लिप लोहाऱ्यात, दुसऱ्या दिवशी धाराशिवात. साहेबांच्या प्रोफाइलवरचा फोटो तोवर गायब झाला होता. मी फोन केला तर म्हणाले, "मी फक्त भेट दिली होती. उपक्रमाची मला सविस्तर कल्पना नव्हती."

समितीची बैठक बाईंच्याच वर्गात लागली. साहेब, सरपंचाच्या घरचे, वैभव, त्याच्याबरोबरची पाच-सहा पोरं आणि बघायला आलेलं गाव. बोलणं बाहेर जाऊ नये म्हणून कुणीतरी दगड सरकवून दार लावलं. बाई पुढं झाल्या, दार उघडलं, दगड ठेवला आणि उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या. शेवटपर्यंत तिथंच.

साहेबांनी समजुतीच्या सुरात मांडणी केली. भावना दुखावल्या आहेत. प्रकरण वरपर्यंत गेलं आहे. सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर बाईंनी गावापुढं दोन शब्दांत माफी मागावी, विषय संपला. नाही मागितली तर त्यांचा नाइलाज.

"माफी मागते मी," बाई म्हणाल्या. बिराजदार सरांनी सुटकेचा श्वास सोडला तो मला ऐकू आला. बाईंनी चष्मा काढला. "कुनाची मागायची, तेवढं सांगा."

"गावाची," वैभव म्हणाला. "देशाची. जे वर जीव धोक्यात घालतेत त्यांची."

"त्यांचं काय वाईट बोलले मी?"

वैभवनं टेबलावर काढून ठेवलेल्या चित्रांतलं एक उचललं आणि सगळ्यांना दिसेल असं धरलं. "हे बोलायला कशाला लागतंय. हे बघा. वर इमान, खाली शत्रूची घरं. पडलेली. ही बाई रडतीया, ही म्हैस मेलीया. शत्रूच्या घरासाठी आपल्या लेकरांनी रडायचं व्हय?"

लोकांत कुजबुज झाली. माना हलल्या. दाराजवळ, बाईंच्या पायापाशी, वैभवचे वडील सोपानकाका बसले होते. मुलानं गाव गोळा केलंय म्हणून आलेले. ते म्हणाले, "इकडं आन रं ते."

वैभवनं चित्र दिलं. सोपानकाकांनी ते हात लांब करून धरलं, मग उंबऱ्यातल्या उजेडाकडं वळवलं.

"कुनी काढलंय?"

"ते महत्त्वाचं न्हाय अण्णा."

"समृद्धीनं काढलंय," सोपानकाका म्हणाले. "दारापुढं पेव काढलंय बघ. जुन्या गावात दारापुढं धान्याचं पेव फकस्त आपल्या घराला व्हतं. पायरीवर हे लाल केलंय, तो गुलाल. गनपती बुडवून रातच्याला आलो व्हतो आमी, आन् पहाटं भुई हालली. ही आपली म्हैस." त्यांचं बोट कागदावर सरकत गेलं. "आन् भिंतीखालनं हा जो पाय निघालाय, ही तुझी आत्या."

वैभव कागदावर वाकून म्हणाला, "पण अण्णा, वर इमान काढलंय की."

"असंना का इमान. खाली तर आपुनच हाव." मग म्हणाले, "म्या सांगितलं तिला. तिनं इचारलं म्हणून सांगितलं. एवढ्या वर्सांत कुनी इचारलं न्हाय. तू बी न्हाय."

तो मुलगा ड्रोन उडवून गावाचं वरून शूटिंग करतो, जगाला दाखवतो, आणि स्वतःच्या बापाचं पडलेलं घर त्याला शत्रूचं वाटलं. त्याच्या एकट्यावर मी चिडत नाही. त्या वर्गातल्या कुणालाच ते ओळखता आलं नव्हतं. सगळे त्याच गावचे होते.

आता गोष्टीत असतं तसं व्हायला हवं होतं. लोकांचे डोळे भरून यायचे, वैभवनं बाईंच्या पाया पडायचं. तसलं काही झालं नाही. सोपानकाका चित्राची घडी न करता ते तसंच हातात धरून घरी गेले. लोक हळूहळू उठले. एकजण मला म्हणाला, "सोपानकाकाचं बराबर हाय, पर बाईनं बी एवढं ताणायला नगं व्हतं." साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "मॅडम, मला वैयक्तिक पटलं. पण क्लिप बाहेर गेलीय. लोकांना आता पेव वगैरे कुठं समजावत बसायचं?"

म्हणजे खरं काय ते साहेबांना कळलं होतं. कळूनही त्यांनी तेच केलं. न कळलेल्या माणसाला मी माफ करीन, ह्या माणसाला करणार नाही.

सव्वीस जानेवारीला बाई नेहमीसारख्या आल्या, झेंड्याला सलामी दिली, पोरांना लाडू वाटले. माफी मागितली नाही. कुणी त्यांना माइक दिला नाही आणि त्यांनीही मागितला नाही. पुढच्याच आठवड्यात बदलीचा आदेश आला. प्रशासकीय कारणास्तव येडशीकडच्या एका शाळेवर. जिल्ह्याचं दुसरं टोक.

मी वैभवला गाठलं. म्हटलं, "निदान ती क्लिप काढ." तो खाली बघत म्हणाला, "काढून काय उपेग सर? ती आता कुठं कुठं गेलीया." ह्या सगळ्या प्रकरणात तो एवढं एकच वाक्य खरं बोलला.

बाईंनी जायच्या दिवशी दोरी सोडली, पानं एकावर एक ठेवून सरांच्या टेबलावर ठेवली. बिराजदार सरांनी दाभण आणि दोरा घेतला आणि दुपारभर बसून पुस्तक शिवलं. पुन्हा कपाटात, पुन्हा डांबरगोळ्या. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन ते फाटकापाशी आले. बाई स्कूटीवर बसल्या होत्या.

"हे मधलं जोडपान," सर म्हणाले. "शिवणीत बसंना झालंय. तुमीच घेऊन जावा."

ज्या माणसानं आयुष्यात कपाटातून कागदाचा कपटा बाहेर जाऊ दिला नाही, त्यानं सांगितलेली ही थाप. बाईंनी ती बिनबोभाट घेतली. "सलाम सर," म्हणाल्या, आणि गेल्या. दारातला दगड तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशी त्या वर्गावर आलेल्या नव्या सरांनी तो उचलून कुंडीला टेकण म्हणून लावला. समृद्धीनं तो मधल्या सुट्टीत परत दाराला आणून लावला, आणि हे दोघांचं बरेच दिवस चाललं.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला पाहुण्यांना गाडीत बसवायला मी येडशी स्टेशनला गेलो होतो. शाळा सकाळच्या होत्या. विचारत विचारत बाईंच्या शाळेवर गेलो. लांबूनच दार उघडं दिसलं, त्याला दगड लावलेला. इकडचा तांबूस, ओबडधोबड. आतून एकही आवाज नव्हता. मला वाटलं, शाळा सुटली.

दारात गेलो तर सगळी पोरं बस्करांवर उताणी झोपलेली. स्लॅबला, पंख्याच्या शेजारी, ते मधलं जोडपान चिकटवलेलं. विमानाच्या कडेवरून वाकलेला तो वैमानिक वर्गाकडं खाली बघत होता. आणि पोरांच्या मधोमध, त्यांच्यासारखीच पाठ टेकून, हात पोटावर घेऊन, मुल्ला बाई. स्लॅबखाली. मी त्यांना कधी स्लॅबखाली बसलेलंही बघितलं नव्हतं. चष्मा डोळ्यांवर होता.

मी आत गेलो नाही. चपला हातात घेऊन पायरीवरच थांबलो.

"बाई," कुठल्यातरी कोपऱ्यातून एक पोरगी म्हणाली, "त्याला आपुन दिसतो का?"

बाईंनी पोटावरचा हात उचलून चित्राकडं बोट केलं.

"दिसावं म्हणूनच चित्रं काढायचीत," त्या म्हणाल्या. "उठा आता, रंग घ्या."